रंग दिसेनात, म्हणून लोखंड हाती घेतलं: लक्ष्मणराव किर्लोस्कर

नरसी नामदेवच्या काळ्या रानात नांगरट सुरू असताना नांगराचा फाळ कधी नीट पाहिलाय? मातीत घासून तो आरशासारखा चकाकतो. पावसाळाभर गोठ्याबाहेर पडून राहिला की त्याच फाळावर गंज चढतो. तुमच्या बाइकच्या साइड स्टँडचंही तेच होतं. आणि गंमत म्हणजे, लोखंडी नांगर मराठी शेतकऱ्यापर्यंत पोचवणाऱ्या माणसाची सुरुवात सायकलच्या दुकानातून झाली.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला झाला. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं, की त्यांना काही रंगांतला फरकच दिसत नाही. मग ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला परतले. भाऊ रामूअण्णांसोबतचं सायकलचं दुकान तिथे होतंच. नंतर कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर.

पण नांगर घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची भीती होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले.

फाळावर माती जे काम करते, तेच घरी पॉलिश पेपर करतो. कडक कण लोखंडाचा वरचा थर खरवडतात. स्टँड काढून रॉकेलने तेलकटपणा घालवा, साबणाने धुवून वाळवा. आधी २२० नंबरचा पेपर, मग ४०० आणि ६०० चा. नंबर जितका मोठा, तितके कण बारीक. दर वेळी आडवी दिशा धरा. आधीचे ओरखडे गेले की पुढचा पेपर घ्या. शेवटी मेटल पॉलिश. उघडं लोखंड लगेच गंजतं, म्हणून वर क्लिअर लॅकर मारा. क्रोमच्या पार्टवर मात्र पेपर नको. घासून गेलेलं क्रोम घरी परत येत नाही. ब्रेकच्या पार्टला तर पॉलिश किंवा तेल लावूच नका.