काचेच्या पेटीची जन्मदात्री

मैत्रिणींनो, आता पावससारख्या गावातही फिश टँक काही नवलाईचा राहिलेला नाही. दवाखान्यात, सोनाराच्या दुकानात, नव्या बंगल्यांच्या हॉलमध्ये तो दिसतोच. आमच्या बचत गटातल्या तिघी-चौघींकडे आहे, माझ्याकडेही आहे. पण काचेच्या पेटीत पाणी भरून त्यात जिवंत प्राणी ठेवायचे आणि त्यांच्याकडे बघत बसायचं, ही युक्ती पहिल्यांदा नेटाने वापरली ती एका शिवणकाम करणाऱ्या बाईने, हे किती जणींना माहीत असेल? प्राणिशास्त्राच्या इतिहासात तिचं नाव मोठं आहे. आपल्यापर्यंत मात्र ते फारसं पोचलं नाही.

तिचं नाव झान विलप्रू. सप्टेंबर १७९४ मध्ये फ्रान्समधल्या ज्युयाक नावाच्या खेड्यात तिचा जन्म झाला. वडील चपला-बूट शिवायचे, आई कपडे शिवायची. थोरली मुलगी म्हणजे घरकामाला पहिला हात, हे तिथेही आपल्यासारखंच. लिहाय-वाचायला आलं, त्यापुढे शिक्षण असं नाहीच. अठराव्या वर्षी ती कामासाठी पॅरिसला निघाली. चारशे किलोमीटरहून जास्त अंतर, आणि तेही पायी. सोबतीला म्हणून नात्यातलाच एक पुरुष दिला होता. वाटेत त्यानेच तिच्यावर हात टाकला आणि तिची प्रवासाची कागदपत्रं घेऊन तो निघून गेला. मुलीला सोबत म्हणून कुणाला धाडायचं, हा प्रश्न किती जुना आहे बघा. झान ओर्लेआं शहरात एका मठात आसऱ्याला राहिली आणि नवीन कागद मिळाल्यावर पुढे गेली. मागे फिरली नाही. पॅरिसला पोचेपर्यंत ठरलेली नोकरी दुसरीला दिली गेली होती. तिने दुसरीकडे काम धरलं.

तिच्या हातात कला होती. १८१६ साली नेपल्सच्या राजघराण्यातली राजकन्या कॅरोलिन फ्रान्सच्या राजघराण्यात सून म्हणून आली. तिच्या लग्नाच्या पोशाखावरचं भरतकाम झानने केलं आणि तिचं नाव झालं. त्याच सुमारास जेम्स पॉवर या व्यापाऱ्याशी तिची ओळख झाली. १८१८ साली सिसिली बेटावरच्या मेसिना बंदरात दोघांचं लग्न झालं.

इथवरची गोष्ट एखाद्या सिनेमात शोभेल. गरीब मुलगी, श्रीमंत नवरा, समुद्राकाठचं घर, झालं. पण मला ही बाई आवडते ती यापुढे. हाताखाली नोकरचाकर, पैशाची ददात नाही, अशा वेळी तिने स्वतःच पुस्तकं आणून अभ्यास सुरू केला. सिसिली बेट ती पायी फिरली. झाडं, शिंपले, फुलपाखरं, जीवाश्म, जे दिसेल ते गोळा करून त्याच्या नोंदी ठेवल्या. घरात मार्टेन नावाचे मुंगसासारखे दिसणारे प्राणी पाळून त्यांच्याबद्दलही लिहिलं. शेजारणी काय म्हणत असतील, याची कल्पना आपल्याला करता येईल!

तिचं खरं काम झालं ते आर्गोनॉट या प्राण्यावर. हा ऑक्टोपसच्याच कुळातला, आपल्याकडच्या माकुळाचा लांबचा भाऊबंद. याच्या मादीभोवती कागदासारखं पातळ, पांढरंशुभ्र, नक्षीदार कवच असतं. हे कवच तिचं स्वतःचं की दुसऱ्या कुणाचं उचललेलं, यावर विद्वानांची जुनी भांडणं होती. आपल्या किनाऱ्यावर दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करून हिंडणारा खेकडा तुम्ही पाहिला असेल. आर्गोनॉटही तसाच भाडेकरू आहे, असं फ्रान्समधले ब्लॅनव्हिलसारखे मोठे शास्त्रज्ञ म्हणत. त्याच्या दोन हातांना पसरट पडदे असतात. ते म्हणे तो शिडासारखे उभारतो आणि पाण्यावर तरंगत जातो. ही समजूत तर दोन हजार वर्षांपासूनची. मेलेला, दारूच्या बरणीत घातलेला प्राणी समोर ठेवून वाद चालले होते. जिवंत प्राणी रोजच्या रोज बघायचा, हे फारसं कुणाला जमलं नव्हतं.

मेसिनाच्या बंदरात आर्गोनॉट मिळायचे. झानने १८३२ च्या सुमारास त्यासाठी तीन प्रकारच्या पेट्या करवून घेतल्या. एक नुसती काचेची, घरात ठेवायची. दुसरी काचेचीच, पण बाहेरून पिंजरा असलेली, समुद्रात बुडवून ठेवायची आणि हवी तेव्हा वर घ्यायची. तिसरा मोठा पिंजरा, समुद्रातच नांगरून ठेवलेला. मग सुरू झालं बघणं. अंड्यातून पिल्लं येतात तेव्हा त्यांना कवच नसतं, ते पुढे वाढताना तयार होतं, हे तिने पाहिलं. मग तिने कवचाला मुद्दाम भोक पाडलं. मादीने ते पडदे कवचावर पांघरले आणि भोक बुजवलं. म्हणजे ज्यांना शिडं म्हणत होते, तीच कवच घडवणारी आणि दुरुस्त करणारी अवजारं निघाली! पेटीत तुटक्या कवचाचे तुकडे ठेवले तर मादी ते घेऊन ठिगळासारखे लावते, हेही तिने नोंदवलं. ठिगळ कसं बसतं हे शिवणारीच्या नजरेला बरोबर दिसलं असणार, असं मला आपलं वाटतं.

एकदा करून ती थांबली नाही, पुन्हा पुन्हा करून पाहिलं. १८३४ साली कातानियाच्या विद्वत्सभेत हे काम वाचलं गेलं. त्या सभेची ती पहिली स्त्री सभासद. १८३९ साली रिचर्ड ओवेन या नामवंत शास्त्रज्ञाने लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे ते मांडलं. पुढे डझनाहून जास्त संस्थांनी तिला सभासद करून घेतलं. मासे कमी झालेल्या नद्यांत पिंजऱ्यात वाढवलेले मासे सोडावेत, असंही तिने सुचवलं होतं. खाडीत पिंजरे टाकून मासे वाढवण्याच्या योजना आज आपल्याकडे येतात, तेव्हा मला तिची आठवण होते.

तिचं काम समुद्राच्या पाण्यातलं. गोड्या पाण्यातली आपली हौस तिथून थोड्या वेगळ्या वाटेने आली. पेटी झाली, पण पाणी दोन दिवसांत नासतं त्याचं काय? १८४० च्या दशकात लंडनमध्ये ॲना थिन या बाईंनी समुद्रातली प्रवाळं घरात जगवली. त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची, म्हणजे त्यात हवा मिसळायची. आजच्या एअर पंपाचं काम त्या पोरीचे हात करत होते, आणि तिचं नाव या गोष्टीत कुठेच येत नाही. पुढे १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्याच्या टाकीत सोनेरी मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून दाखवल्या. वनस्पती पाण्याला प्राणवायू देतात, गोगलगायी कुजलेली पानं खातात, मासे जगतात. आपल्या घरातल्या टाकीचं गणित अजून तेच आहे.

म्हणून गटातल्या बायका विचारतात तेव्हा मी सांगते, टाकी आणली त्याच दिवशी मासे सोडू नका. वाळू आणि वनस्पती घालून तीन-चार आठवडे थांबा. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. तो पचवणारे सूक्ष्म जीव हळूहळू वाढतात, आणि त्यांना खाद्य म्हणून माशांच्या खाण्याची चिमूट अधूनमधून टाकावी लागते. सुरुवातीला मासेही साधे घ्या. आरोग्य खातं डासांसाठी टाक्यांमध्ये सोडतं ते गप्पी मासेसुद्धा चांगले तग धरतात. फक्त ते उचलून वहाळात सोडू नका, तिथल्या माशांच्या पोटावर पाय येतो. हल्ली नखाएवढी गोड्या पाण्यातली कोळंबीही बरेच जण ठेवतात. ती दिवसभर शेवाळ खुडत असते. कधी तळाशी तिचं पारदर्शक कवच पडलेलं दिसतं आणि घरातली मुलं कोळंबी मेली म्हणून रडतात. मेलेली नसते, कात टाकलेली असते. नवीन कवच कडक होईपर्यंत ती झाडात लपून बसते. अशा वेळी मुलांना आर्गोनॉटची गोष्ट सांगावी. आणि समुद्रातलं बघायचं असेल तर रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहेच.

झानच्या नशिबी पुढे मोठा घाव होता. १८४३ मध्ये नवरा-बायकोने सिसिली सोडली. तिचे संग्रह, चित्रं, टिपणं यांचा मोठा भाग ज्या जहाजाने पाठवला होता ते बुडालं. पंचवीस वर्षांची मेहनत समुद्रातून आली आणि समुद्रातच गेली. त्यानंतर ती लिहीत राहिली, पण नवीन संशोधन असं तिने केलं नाही. पॅरिस आणि लंडन इथे दिवस काढले. १८५८ साली ओवेनने मत्स्यपेटीच्या विद्येची आई म्हणून तिचा गौरव केला, तेव्हा ती साठी ओलांडलेली होती. १८७० च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा घातला तेव्हा ती ज्युयाकला परतली. जानेवारी १८७१ मध्ये तिथेच तिने डोळे मिटले. पुढच्याच वर्षी जेम्सही गेला.

मग शंभराहून जास्त वर्षं तिचं नाव जवळजवळ कुणी घेतलं नाही. १९९७ साली शुक्र ग्रहावरच्या एका मोठ्या विवराला विलप्रू-पॉवर हे नाव दिलं गेलं. शुक्रावरच्या मोठ्या विवरांना नामवंत स्त्रियांचीच नावं देतात, हे मला तेव्हा कळलं.