चेंडू चालला, पेला चालला नाही : बाळू पालवणकर यांचे जीवन

बाळू पालवणकर यांनी 1937 च्या निवडणुकीत परमपूज्य बाबासाहेबांच्या विरोधात उमेदवारी केली होती. मग त्यांचे चरित्र आपल्या स्मरणिकेत कशासाठी, असा प्रश्न अनेक वाचकांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊन हे चरित्र लिहिता येणार नाही. तरीही आम्ही हाच विषय निवडला, कारण या देशातील पहिला थोर गोलंदाज अस्पृश्य मानलेल्या घरात जन्मला होता, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असली पाहिजे. त्यापेक्षाही महत्त्वाचे असे की, अंगच्या गुणाने माणसाला कोठवर जाता येते आणि कोठे थांबावे लागते, हे बाळूंच्या आयुष्याइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसते.

बाळूंचा जन्म 19 मार्च 1876 रोजी धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. वडील बाबाजी लष्कराच्या नोकरीत असल्याने कुटुंब पुण्यास आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू यांवर बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे दोघे भाऊही नामांकित खेळाडू झाले. ज्या समाजाला गावच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हते, त्या समाजातील चार सख्खे भाऊ मुंबईच्या मैदानावर नाव मिळवितात, ही घटना आपल्या सामाजिक इतिहासात अपूर्व म्हणावी लागेल.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या क्लबात होती. मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरविणे आणि सभासदांना सरावासाठी अधूनमधून गोलंदाजी करणे हे काम होते. पगार महिना तीन रुपये. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर रुजू झाले. तेथे जाळ्या लावणे, टेनिसच्या मैदानावर पांढऱ्या रेघा मारणे अशी कामे करीत असतानाच त्यांची डावखुरी फिरकी गोलंदाजी आकारास आली. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे नाणावलेले फलंदाज रोज त्यांच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपणास बाद केल्यास ग्रेगसाहेब दर वेळी बाळूंना आठ आणे देत, असे सांगितले जाते. मात्र फलंदाजी हा साहेबांचा मान होता. शेकडो तास गोलंदाजी करून घेणाऱ्या त्या क्लबाने बाळूंच्या हाती एकदाही बॅट दिली नाही.

या गोलंदाजाची कीर्ती शहरात पसरली तेव्हा पुण्याच्या हिंदू संघापुढे पेच उभा राहिला. युरोपियनांना हरवायचे तर बाळू हवेत आणि बाळू घ्यायचे तर जात आडवी येते. संघातील तेलुगू सभासद त्यांना घ्यावे या मताचे होते, तर स्थानिक ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. अखेर जिंकण्याची गरज मोठी ठरली आणि बाळू संघात आले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हा उदारपणाच होता. परंतु खेळ थांबून चहाची वेळ झाली की त्या उदारपणाची हद्द दिसे. इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत. बाळूंना बाहेर, मातीच्या बोळक्यात चहा मिळे आणि पिऊन झाल्यावर ते बोळके फेकून द्यावे लागे. जेवणाचे ताट वेगळे आणि बसण्याची जागाही वेगळी होती. काही क्षणांपूर्वी त्यांच्या हातातून सुटलेला चेंडू झेलताना कोणाला विटाळ झाला नव्हता. चेंडू चालला, पेला चालला नाही.

आम्ही हा प्रसंग वर्गात सांगतो तेव्हा मुले विचारतात की, बाळू खेळ सोडून निघून का गेले नाहीत. आज आपण हा प्रश्न विचारू शकतो, ही बाबासाहेबांची कमाई होय. 1890 च्या दशकात, महिना चार रुपयांवर राबणाऱ्या विशीतील मुलाच्या पाठीशी संघटना नव्हती, कायदा नव्हता आणि वर्तमानपत्रही नव्हते. त्याच्यापाशी केवळ डावा हात होता आणि तो त्याने वापरला. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्ध त्यांनी सात गडी बाद करून संघाला विजय मिळवून दिला तेव्हा पुण्यात त्यांचे जाहीर कौतुक झाले. गळ्यात हार पडले, वेगळा पेला मात्र पुण्याने काढला नाही.

पुण्यात प्लेगची साथ पसरली त्या सुमारास बाळू मुंबईस गेले. तेथे त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात प्रवेश मिळाला. मुंबईत हवा थोडी निराळी होती. तेथे त्यांना सहखेळाडूंच्या पंगतीला बसता आले. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाचा 109 धावांनी पराभव केला, त्या सामन्यात बाळू आणि शिवराम दोघेही खेळले आणि बाळूंच्या गोलंदाजीचा विजयात मोठा वाटा होता. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविल्याचा आनंद देशभर साजरा झाला. त्या दिवशी तरी पालवणकर बंधू सर्वांचे होते.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळू तेव्हा पस्तीस वर्षांचे होते आणि फिरकी गोलंदाजाच्या उमेदीचा काळ मागे पडत चालला होता. संघाने तेवीस सामने खेळले आणि त्यांतील बहुतेक गमावले. त्या अपयशी दौऱ्यात एकट्या बाळूंनी 114 बळी घेतले. प्रत्येक बळीसाठी त्यांनी सरासरी 19 पेक्षाही कमी धावा दिल्या. परदेशच्या अनोळखी खेळपट्ट्यांवर आणि दुबळ्या संघातून खेळून मिळविलेले हे यश आजही थक्क करणारे आहे.

ते परत आले तेव्हा मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या तरुणाने तयार केले होते, अशी नोंद आहे. बाबासाहेब तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते. ज्या समाजाला नायक नव्हता, त्याला एक नायक मिळाला होता. त्याचे कौतुक शब्दांत मांडणारा विद्यार्थी पुढे त्याच समाजाचा उद्धारकर्ता होणार होता.

एवढे कर्तृत्व असूनही बाळू हिंदू संघाचे कर्णधार कधीच झाले नाहीत. अनुभव, ज्येष्ठता आणि कामगिरी या तिन्ही कसोट्यांवर तो मान त्यांचा होता. 1913 साली कर्णधारपद भूषविणारे एम. डी. पै यांनी स्वतः जाहीरपणे कबूल केले की, हा सन्मान खरे तर बाळूंना मिळावयास हवा होता. कबुली प्रामाणिक होती, पण निवड समितीचे मन बदलले नाही. अस्पृश्याची गोलंदाजी हिंदू संघाला हवी होती, त्याची आज्ञा नको होती.

1920 मध्ये चौरंगी सामन्यांच्या वेळी कळस झाला. बाळूंना वगळण्यात आले. पै आजारी असल्याने कर्णधारपद रिकामे होते. त्यासाठी विठ्ठल यांना डावलून त्यांच्याहून कमी अनुभवी असलेल्या दि. ब. देवधर यांची निवड झाली. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला आणि कारण जाहीरपणे सांगितले : निकष गुणाचा नसून जातीचा आहे. आमच्या मते भारतीय क्रीडाक्षेत्रातील जातिभेदाविरुद्धचा हा पहिला मोठा बहिष्कार होय. वृत्तपत्रांतून चर्चा झाली, लोकमत फिरले आणि पुढच्या सामन्यासाठी दोघे बंधू परत आले. बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले तेव्हा संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. त्यांच्या वाट्याला आलेले नेतृत्व एवढेच. 1923 मध्ये मात्र विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने अजिंक्यपद मिळविले. जे थोरल्या भावाला गुणावर मिळाले नाही, ते धाकट्या भावाला संघर्षानंतर मिळाले. इतिहासाचा अभ्यासक म्हणून आम्हांस हा फरक फार बोलका वाटतो.

भारत पहिला कसोटी सामना खेळला तो 1932 साली. तोवर बाळू छप्पन वर्षांचे झाले होते. कसोटी खेळाडू म्हणून त्यांचे नाव कोठे नाही. प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत 179 बळी, सरासरी 15 च्या आसपास, एवढीच नोंद मागे राहिली.

आता त्या अवघड प्रश्नाकडे येऊ. 1932 मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू एम. सी. राजा यांच्या बाजूने, म्हणजे संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले. पुणे करारावर बाबासाहेबांची सही आहे, तशीच बाळूंचीही आहे. बाबासाहेबांची धर्मांतराची भूमिकाही त्यांना मान्य झाली नाही. 1937 मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना 13,245 मते पडली आणि बाळूंना 11,225. बाबासाहेब निवडून आले.

या निर्णयांचे समर्थन आम्ही करणार नाही. पण बाळूंना निव्वळ विरोधक ठरवून मोकळे होणे हाही इतिहासाशी अन्याय ठरेल. हिंदू समाजाने त्यांना आधी बाहेर बोळक्यात चहा दिला, मग आपल्या पंगतीला बसविले आणि शेवटी खांद्यावर घेतले. हा प्रवास त्यांनी स्वतः अनुभवला होता. समाज हळूहळू सुधारतो आहे, असे त्यांना वाटले असेल तर ते समजण्यासारखे आहे. बाबासाहेबांनी मात्र वेगळा प्रश्न विचारला. ज्याच्यापाशी 179 बळी नाहीत, त्याचे काय? शेतावर राबणारी आई, गटार उपसणारा बाप, यांना पेला मिळण्यासाठी कोणता सामना जिंकावा लागेल? माणूस म्हणून जो हक्क आहे, तो पराक्रमाच्या मोबदल्यात का मिळवावा? बाळूंचे स्वतःचे आयुष्यच या प्रश्नाचे उत्तर देते. पंचवीस वर्षे अतुलनीय खेळूनही त्यांना कर्णधारपद मिळाले नाही. त्यांच्या राजकीय मतांनी बाबासाहेबांना विरोध केला, त्यांच्या चरित्राने मात्र बाबासाहेबांचीच बाजू सिद्ध केली.

4 जुलै 1955 रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. त्यानंतर सव्वा वर्षाने, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरला बाबासाहेबांनी लाखोंच्या समुदायाला धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी कोणालाही आपली योग्यता सिद्ध करावी लागली नाही. माणूस असणे पुरेसे होते.

दिंद्रुडच्या परिसरातून दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारे आई-बाप आपली लेकरे निवासी शाळेच्या स्वाधीन करतात. सायंकाळी ती मुले मैदानावर धावतात, रात्री एका पंगतीत बसतात आणि एकाच हौदावर आपापले ताट धुतात. त्यांच्यातून उद्या एखादा बाळू पालवणकर निघावा, अशी आमची इच्छा आहेच. पण जो निघणार नाही, जो साधा खेळाडूही होणार नाही, त्याचे ताटही त्याच हौदावर धुतले जाते. माजी विद्यार्थ्यांनी शाळेची आठवण काढताना या हौदाचीही काढावी आणि आपल्या मुलांना बाळूंच्या बोळक्याची गोष्ट जरूर सांगावी.