लोकांच्या ओठांवरचा कवी : वामनदादा कर्डक

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी नावाचे खेडे आहे. तेथे १५ ऑगस्ट १९२२ रोजी वामनदादा कर्डक यांचा जन्म झाला. शाळेचे सुख त्यांच्या वाट्याला आले नाही. गुरांमागे हिंडण्यातच बालपण सरले. पुढे पोटासाठी ते मुंबईला आले, शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहिले आणि गिरणीत राबले.

तेथे एकाने आपले पत्र त्यांच्या हाती देऊन वाचून दाखवायला सांगितले. दादांना अक्षर लागेना. त्या दिवशी ते रडले, असे सांगतात. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडून त्यांनी मुळाक्षरे गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरे शिकले.

१९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले. ते एका हिंदी सिनेगीताचे विडंबन होते. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या दर्शनाने आणि विचाराने त्यांच्या लेखणीला दिशा मिळाली. गायनपार्टी घेऊन ते गावोगाव फिरले. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाल्यावर तो नवा विचार त्यांच्या गीतांनी खेड्यापाड्यांत नेला. त्यांनी हजारो गीते लिहिली. 'वाटचाल' आणि 'मोहळ' हे त्यांचे संग्रह. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या गायकांनी ही गीते घरोघरी पोहोचवली.

गीताच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफण्याची त्यांची रीत होती. आमच्या मंगरूळपीरला १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ही गीते मी लहानपणापासून ऐकत आले. माझी आई निरक्षर आहे. तिने कवितेचे पुस्तक कधी उघडले नाही, पण वामनदादांची कितीतरी गीते तिला तोंडपाठ आहेत. कवीचे नाव तिला त्या शेवटच्या कडव्यानेच सांगितले. ज्या घरात पुस्तक नव्हते, तेथे कवी असा पोहोचला!

घरचे दुःख त्यांनाही चुकले नाही. पहिला संसार मोडला, लाडकी मुलगी मीरा लहानपणीच गेली. तरीही त्यांच्या गाण्यात स्वतःच्या रडण्यापेक्षा समाजाला जागे करण्याची हाक मोठी राहिली. १५ मे २००४ रोजी दादा गेले.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. मुलीला शिकवावे, हे आईला कोणत्या शाळेने सांगितले नव्हते. ते तिने गाण्यांतून ऐकले होते. माझ्या शिक्षणाचा पहिला धडा मी तेथेच मानते.