डॉ. आनंदीबाई जोशी

कल्याणच्या गणपतराव जोशी यांची कन्या यमुना ३१ मार्च १८६५ रोजीं जन्मली आणि नऊ वर्षांची होते न होते तोंच तिचें लग्न झालें. वर गोपाळराव जोशी हे पोस्टांत नोकरीस असून बिजवर होते व वधूहून जवळजवळ वीस वर्षांनीं वडील होते. सासरीं तिचें नांव आनंदी ठेविलें. त्या काळीं अशा विवाहाचें कोणास नवल वाटत नसे. नवल वाटलें तें गोपाळरावांच्या हट्टाचें. बायकोनें चुलीपाशीं न बसतां पुस्तक घेऊन बसावें, हा तो हट्ट.

पण त्यांची शिकविण्याची रीत मायेची नव्हती. दहाव्या वर्षीं लाकडाचा मार, बाराव्या वर्षीं अंगावर फेकलेल्या खुर्च्या व पुस्तकें, पुढें सोडून जाण्याची धमकी, हें सारें आनंदीबाईंनीं अमेरिकेहून पतीसच लिहिलेल्या पत्रांत नमूद केलें आहे. तें वागणें चांगलें कीं वाईट, याचा निर्णय त्यांस स्वतःसहि करतां आला नाहीं. हेतु चांगला असला म्हणून लहान जिवास मार कमी लागतो, असें आम्हांस तरी वाटत नाहीं.

चवदाव्या वर्षीं त्यांस पुत्र झाला. तें मूल अवघे दहा दिवस जगलें. आपल्या शाळेंत आठव्या-नवव्या इयत्तेंत ज्या मुली बसतात, त्यांच्याएवढी ही आई! परपुरुषास दुखणें दाखविणें लाजेचें, आणि पदवीधर हिंदु स्त्री डॉक्टर तर देशांत एकहि नव्हती. आपणच वैद्यक शिकावें, हा आनंदीबाईंचा निश्चय या दुःखांतून दृढ झाला.

गोपाळरावांनीं १८७८ सालीं अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांस मदतीसाठीं पत्र लिहिलें होतें. वाइल्डर यांनीं धर्मांतर सुचविलें, तें जोशी पतिपत्नींस मान्य झालें नाहीं. परंतु त्यांच्या मासिकांत छापलेलें तें पत्र रोझेल गांवच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनांत आलें, आणि या अनोळखी बाईनें आनंदीबाईंस लेकीसारखें जवळ केलें. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणूं लागल्या.

१८८३ च्या आरंभीं सेरामपूर येथील भर सभेंत आनंदीबाईंनीं स्त्री डॉक्टरांची गरज सांगितली व एप्रिलमध्यें पतीवांचून समुद्र ओलांडला. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत थंडीनें व आजारानें त्या खंगत गेल्या, तरी अभ्यास सुटला नाहीं. पदवीच्या प्रबंधास त्यांनीं विषय निवडला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. तो कां, हें निराळें सांगावयास नको. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस एम्. डी. पदवी मिळाली, त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. परंतु मायदेशीं परत आल्या त्या क्षयानें जर्जर होऊनच. एकाहि बाळंतिणीच्या उशाशीं बसण्यापूर्वीं, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुणें येथें त्यांचें देहावसान झालें. बाविसावें वर्ष पुरें होण्यास महिनाभर उरला होता. त्यांची रक्षा गोपाळरावांनीं कार्पेंटरबाईंकडे पाठविली. न्यूयॉर्क प्रांतांतील पकीप्सी येथें, त्या कुटुंबाच्या दफनभूमींत, ती ठेविलेली आहे.