मेंदूच्या लाटा पाहणारा डॉक्टर

ऑपरेशन ठरलं की बायका डॉक्टरांना विचारत नाहीत, पण सोबत जाणाऱ्या आम्हाला हमखास विचारतात. भूल दिल्यावर मध्येच जाग आली तर? दुखलं आणि सांगताच आलं नाही तर? प्रश्न वेडगळ नाही, मैत्रिणींनो. पूर्ण भूल देताना पुष्कळदा स्नायू सैल करणारं औषधही देतात, मग बोटसुद्धा हलवता येत नाही. अशा वेळी आतलं बाहेर कळायचं कसं? याचं उत्तर शोधताना मला हान्स बर्गर हे जर्मन डॉक्टर भेटले.

१८७३ साली कोबुर्गजवळच्या नॉयसेस गावी त्यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर. आईचे वडील फ्रीडरिश र्‍युकर्ट हे कवी. आपली नल-दमयंतीची कथा त्यांनी जर्मनमध्ये नेली होती. हे वाचलं आणि बर्गर मला उगाचच ओळखीचे वाटू लागले!

तरुणपणी ते वर्षभर घोडदळात होते. एकदा सरावात घोडा उधळला आणि ते नेमके तोफेच्या गाड्यासमोर पडले. गाडा जेमतेम थांबला म्हणून वाचले. त्याच संध्याकाळी वडिलांची तार आली, खुशाली विचारणारी. दूर घरी असलेल्या बहिणीला भाऊ संकटात आहे असं वाटलं होतं आणि तिनेच वडिलांना तार करायला लावली होती. योगायोग म्हणा हवं तर. बर्गरना तसं वाटलं नाही. मनातली गोष्ट मैलोन् मैल कशी पोचते, हे शोधायचंच असं ठरवून ते डॉक्टर झाले आणि येना शहरातल्या मनोरुग्णालयात लागले.

तिथे अत्यंत शिस्तीचा, काहीसा रुक्ष माणूस अशीच त्यांची ख्याती. दिवसाचं काम संपलं की ते आपल्या प्रयोगांना बसत, आणि त्याचा फारसा गवगवा करत नसत. मेंदूतला रक्तप्रवाह मोजून झाला, मेंदूचं तापमान मोजून झालं; हाती काही लागेना. अशी वीसेक वर्षं गेली. १९२४ मध्ये, ऑपरेशनमुळे कवटीचं हाड नसलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून विजेची अगदी बारीक थरथर त्यांना टिपता आली. तरी विश्वास बसेना. पाच वर्षं पडताळण्यातच गेली. मुलगा क्लाउस घरचाच, त्याच्या डोक्यालाही कितीदा तारा लागल्या! शेवटी १९२९ मध्ये त्यांनी निबंध छापला. डोळे मिटून स्वस्थ बसलं की मेंदूच्या लाटा सेकंदाला दहाएक होतात, डोळे उघडले की बदलतात. क्लोरोफॉर्म दिल्यावर त्या कशा बदलतात, हेही त्यांनी पुढे पाहिलं. आपला ईईजी तो हाच. बहिणीच्या तारेचं कोडं मात्र सुटलं नाही.

सुरुवातीला कोणी फारसं मानलं नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन यांनी तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा जगाने मान डोलावली.

आता एक गोष्ट, जी लिहिताना हात अडखळतो. नाझींच्या काळात आनुवंशिक आजाराच्या नावाखाली माणसांची सक्तीने नसबंदी ठरवणारी न्यायालयं होती. तिथे बर्गर बसले होते. बरीच वर्षं त्यांना नाझींचा बळी म्हणूनच रंगवलं गेलं. नंतर कागदपत्रांतून हे बाहेर आलं. रुग्णाच्या मेंदूतली एवढीशी थरथर ज्याला दिसली, त्याला समोरच्या माणसाचं दुःख दिसू नये? मला हे उलगडत नाही. १९३८ मध्ये ते निवृत्त झाले. निराशेने घेरलं आणि १ जून १९४१ रोजी त्यांनी स्वतःच जीवन संपवलं.

त्यांच्या लाटा मात्र ऑपरेशन थिएटरमध्ये पोचल्या. कपाळाला एक पट्टी चिकटवतात, यंत्र मेंदूच्या लाटा वाचून शून्य ते शंभरमधला आकडा दाखवतं. अशा एका यंत्राला १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पूर्ण जागं असताना आकडा शंभराजवळ असतो, ऑपरेशनच्या वेळी चाळीस ते साठमध्ये ठेवतात. पण हा आकडा झोपेचा, दुखण्याचा नव्हे. वेदनाशामक कमी पडलं तर लाटा एकदम बदलू शकतात, पण दर वेळी सारख्याच बदलतील असं नाही. म्हणून भूलतज्ज्ञ नाडी, रक्तदाब, घाम, डोळ्यांतलं पाणी हेही बघत असतात. सगळ्याच दवाखान्यांत ही पट्टी नसते. तेव्हा मागच्या एखाद्या ऑपरेशनमध्ये जाग आल्याचं आठवत असेल, तर लाजू नका. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आदल्या दिवशीच सांगा.