डोस्टोव्हस्की : गुन्हा, वेड आणि न्याय

महानगर आणि गुन्हा यांचे नाते जुने आहे. खून, आत्महत्या आणि माथेफिरूंची कृत्ये यांच्या बातम्यांवाचून शहरातील वृत्तपत्राचा अंक क्वचितच निघतो. त्या बातम्यांवर पोसलेल्या कादंबऱ्यांनाही वाचकांची वाण कधी पडलेली नाही. अशा वाङ्मयाविषयी सुशिक्षितांत दोन मते आढळतात. हे वाङ्मय वाचकाच्या हीन वृत्ती चाळवते असे एक पक्ष म्हणतो. ते समाजाचे यथार्थ दर्शन घडवते असे दुसऱ्याचे म्हणणे असते. फ्योदर डोस्टोव्हस्की या रशियन कादंबरीकाराचे चरित्र पाहिले म्हणजे हे दोन्ही पक्ष अपुरे वाटू लागतात. शहरातील गुन्हा आणि वेड हेच त्याच्या वाङ्मयाचे मुख्य द्रव्य होते. परंतु त्याने ते दुरून न्याहाळले नव्हते. आरोपी, कैदी आणि रुग्ण या तिन्ही अवस्था त्याने स्वतः भोगल्या होत्या, आणि त्या अनुभवातून आलेले शहाणपण एकदा खऱ्याखुऱ्या न्यायालयात एका सामान्य स्त्रीच्या कामी आले.

डोस्टोव्हस्कीचा जन्म १८२१ साली मॉस्को येथे झाला. वडील गोरगरिबांसाठी असलेल्या मारिन्स्की रुग्णालयात डॉक्टर होते आणि कुटुंब त्याच आवारात राहत असे. व्याधी आणि दारिद्र्य यांचा शेजार त्याला असा बालपणापासूनच लाभला. १८३७ मध्ये आई वारली आणि त्याच वर्षी शिक्षणासाठी त्याची रवानगी सेंट पीटर्सबर्गला झाली. दोन वर्षांनी खेड्यातील जमिनीवर वडिलांचा मृत्यू झाला. सरकारी दप्तरात तो नैसर्गिक मृत्यू म्हणून नोंदला गेला. पण भूदासांनीच मालकाचा सूड घेतला, असा समज कुटुंबात कायम राहिला. ज्या लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात तो शिकत होता ते भरत असे तो राजवाडाही रक्तलांछित होता. १८०१ साली झार पहिला पॉल याचा खून तेथेच झाला होता.

पीटर्सबर्ग हे राजाज्ञेने उभे राहिलेले शहर. पीटर दी ग्रेटने १७०३ साली नेव्हा नदीच्या दलदलीत त्याचा पाया घातला. रुंद रस्ते आणि भव्य वाडे ही त्याची दर्शनी बाजू. मागील बाजूस दमट तळघरे, भाड्याच्या अंधाऱ्या खोल्या आणि दारूचे गुत्ते. सरकारी नोकरांची चौदा श्रेणींत विभागणी झालेली होती, आणि तळच्या श्रेणीतील कारकुनाचे सारे आयुष्य वरच्या साहेबाच्या चेहऱ्याकडे पाहण्यात सरत असे. डोस्टोव्हस्कीने १८४४ मध्ये लष्करी नोकरी सोडली आणि लेखणी हाती धरली ती या कारकुनासाठीच. ‘गरीब माणसे’ ही १८४६ साली प्रसिद्ध झालेली त्याची पहिली कादंबरी एका वृद्ध नकलनविसाची आहे. तिने त्याला एका रात्रीत कीर्ती मिळवून दिली. त्याच वर्षीच्या ‘द्वितीय’ या कथेतील कारकुनाला आपल्यासारखाच दिसणारा दुसरा कारकून कचेरीत वावरताना दिसतो. तो आपली जागा बळकावीत आहे अशा धास्तीने त्याची बुद्धी चळते आणि अखेरीस त्याला वेड्यांच्या इस्पितळात नेतात. टीकाकारांना ही कथा रुचली नाही. मानहानीच्या रोजच्या डंखांनी माणूस वेडा होऊ शकतो, हे तिचे सूत्र मात्र लेखकाने पुढे कधीच सोडले नाही.

१८४९ च्या एप्रिलमध्ये त्याला अटक झाली. पेत्राशेव्हस्की नावाच्या गृहस्थाकडे दर शुक्रवारी काही तरुण जमत आणि भूदासपद्धती, समाजवाद, वृत्तपत्रस्वातंत्र्य अशा विषयांवर चर्चा करीत. समीक्षक बेलिन्स्कीने गोगोलला लिहिलेले बंदी घातलेले पत्र तेथे वाचून दाखवले, हा डोस्टोव्हस्कीवरील मुख्य आरोप होता. आठ महिने किल्ल्यातील तुरुंगात काढल्यानंतर २२ डिसेंबर रोजी सर्व आरोपींना सेम्योनोव्हस्की चौकात उभे करून मृत्युदंड वाचून दाखवण्यात आला. पहिल्या तिघांना खांबांना बांधण्यात आले, सैनिकांनी बंदुका रोखल्या. डोस्टोव्हस्की नंतरच्या तिघांत होता. ऐन वेळी झारच्या क्षमेचा हुकूम वाचला गेला. हे सारे नाटक आधीच ठरलेले होते. खांबाला बांधलेल्यांपैकी ग्रिगोर्येव्ह याचे मन त्यानंतर सावरले नाही. राजसत्ता कायद्याच्या नावाने माणसाला वेड लावू शकते, याचा हा पुरावा डोस्टोव्हस्कीने अवघ्या काही पावलांवरून पाहिला.

त्यानंतरची चार वर्षे सायबेरियातील ओम्स्क येथील तुरुंगात पायांत बेड्या घालून सक्तमजुरी करण्यात गेली. बरोबरचे कैदी खुनी, दरोडेखोर, चोर असे होते. उच्चवर्गीय म्हणून ते त्याचा द्वेष करीत. प्रारंभी त्यालाही त्यांची शिसारी येई. परंतु एकाच बराकीत वर्षानुवर्षे झोपल्यावर ‘गुन्हेगार’ हा शब्द फार ढोबळ आहे, हे त्याच्या ध्यानी आले. कोणी एका क्षणाच्या संतापात कुऱ्हाड उचललेली, कोणी छळ असह्य होऊन, तर कोणाला आपल्या कृत्याचा यत्किंचित पश्चात्ताप नाही. ‘मृतगृहाच्या आठवणी’ या पुस्तकात त्याने या सर्वांची चित्रे रेखाटली. त्यांत पितृहत्येसाठी शिक्षा भोगणारा एक सरदारपुत्रही होता. पुस्तक क्रमशः प्रसिद्ध होत असतानाच तो निर्दोष असल्याची वार्ता आली. सुमारे दहा वर्षे तो विनाकारण कुजला होता. न्यायालयाची चूक किती महाग पडते, याचा हा धडा डोस्टोव्हस्की विसरला नाही. पुढे ‘कारामाझोव्ह बंधू’ या अखेरच्या कादंबरीत खोट्या पितृहत्येचा कलंक लागलेला दिमित्री अवतरला तो याच कैद्याच्या स्मृतीतून.

१८५९ च्या अखेरीस तो पीटर्सबर्गला परतला तेव्हा अपस्माराचे झटके त्याची सोबत करीत होते. १८६१ साली भूदासपद्धती नष्ट झाली आणि कामाच्या शोधात खेड्यांतील लोक राजधानीकडे लोटू लागले. १८६९ च्या गणनेत शहराची वस्ती साडेसहा लाखांवर गेलेली आढळते. १८६४ च्या सुधारणांमुळे उघडी न्यायालये आणि ज्यूरीपद्धती आली; खटल्यांची साद्यंत वृत्ते छापली जाऊ लागली. डोस्टोव्हस्की ती अधाशासारखा वाची. याच सुमारास, १८६४ साली, त्याची पत्नी आणि थोरला भाऊ काही महिन्यांच्या अंतराने वारले. भावाच्या कर्जाचा डोंगर त्याने आपल्या शिरावर घेतला आणि जुगाराच्या व्यसनाने तो अधिकच वाढवला.

अशा अवस्थेत ‘गुन्हा आणि शिक्षा’ ही कादंबरी १८६६ मध्ये एका मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. फी भरता न आल्याने शिक्षण सोडावे लागलेला रास्कोलनिकोव्ह हा विद्यार्थी एका सावकारणीचा कुऱ्हाडीने खून करतो आणि अचानक आलेल्या तिच्या निरपराध बहिणीलाही ठार करतो. असामान्य माणसाला सामान्यांचे नियम लागू नाहीत, असा सिद्धांत त्याने रचलेला असतो. हा सिद्धांत शवपेटीसारख्या कोंदट खोलीत, उपाशी पोटी आणि एकलकोंडेपणात वाढलेला आहे. उन्हाळ्यातील उकाडा, सेन्नाया बाजारातील दुर्गंधी, गुत्त्यांतील कोलाहल हे सारे त्या गुन्ह्याचे साक्षीदार आहेत. कादंबरीचा पहिला भाग छापला जात असतानाच, जानेवारी १८६६ मध्ये, मॉस्कोत दानिलोव्ह नावाच्या विद्यार्थ्याने एका सावकाराचा व त्याच्या मोलकरणीचा खून केला. कल्पनेने वास्तवाला गाठले की वास्तवाने कल्पनेला, असा प्रश्न वाचकांना पडला. डोस्टोव्हस्कीच्या दृष्टीने त्यात नवल नव्हते. हवेत तरंगणाऱ्या कल्पना शहरातील एकाकी मनात शिरून कृतीत उतरतात, हेच तर त्याला सांगावयाचे होते. १८६९ मध्ये नेचायेव्हच्या गुप्त मंडळाने आपल्यातीलच एका विद्यार्थ्याचा खून केला, तेव्हा त्यातून त्याने ‘पछाडलेले’ ही कादंबरी उभारली.

मात्र परिस्थितीवर बोट ठेवून गुन्हेगाराला मोकळे सोडावे, असे त्याचे मत होते असे समजणे चूक ठरेल. १८७३ साली एका साप्ताहिकाचा संपादक असताना त्याने या विचारसरणीवर कडाडून हल्ला चढवला. पत्नीचा अमानुष छळ करून तिला गळफास घ्यावयास लावणाऱ्या एका शेतकऱ्याला ज्यूरीच्या दयेमुळे किरकोळ शिक्षा झाली, याचा त्याला संताप आला होता. सारा दोष परिस्थितीच्या माथी मारणे म्हणजे माणसाचे माणूसपणच नाकारणे होय, अशी त्याची धारणा होती. १८७६ च्या प्रारंभी आपल्या सात वर्षांच्या मुलीला छड्यांनी झोडपणारा एक बाप निर्दोष सुटला, तेव्हाही ‘लेखकाची रोजनिशी’ या आपल्या मासिकात त्याने त्या मुलीची कड घेतली आणि बचावाच्या वकिलाचे वाभाडे काढले.

आणि त्याच वर्षी कॉर्निलोव्हा खटला उभा राहिला. कॉर्निलोव्हा ही वीस वर्षांची गरोदर स्त्री. नवरा विधुर होता आणि पहिल्या पत्नीचे दाखले देऊन तिला सतत टोचीत असे. मे १८७६ मधील एका सकाळी तिने सहा वर्षांच्या सावत्र मुलीला चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली ढकलले आणि मागाहून स्वतःच पोलिसठाण्यावर जाऊन तसे सांगितले. मुलगी आश्चर्यकारकरीत्या वाचली. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने तिला दोन वर्षे आठ महिने सक्तमजुरी आणि त्यानंतर सायबेरियात कायमचा निवास अशी शिक्षा ठोठावली. कृत्य कबूल होते, हेतू उघड होता. वृत्तपत्रांच्या लेखी प्रकरण संपले होते.

डोस्टोव्हस्कीला मात्र त्या कृत्यात काहीतरी विपरीत दिसले. इतका थंडपणा, लगोलग दिलेली कबुली आणि गरोदरपण या तिन्हींचा एकत्र विचार झालाच नाही, असे त्याला वाटले. गर्भवतीच्या मनाला कधीकधी क्षणिक विकृती येते, कृत्याची जाणीव असते पण आवर घालण्याची शक्ती नसते, ही शक्यता त्याने रोजनिशीत मांडली. न्यायखात्यातील एका अधिकाऱ्याच्या साहाय्याने तो तुरुंगात जाऊन तिला भेटला आणि आपली शंका पुन्हा लिहिली. कार्यपद्धतीतील त्रुटीमुळे पहिला निकाल रद्द झाला. एप्रिल १८७७ मध्ये फेरसुनावणी झाली, डॉक्टरांच्या साक्षी झाल्या आणि कॉर्निलोव्हा निर्दोष सुटली. डोस्टोव्हस्की त्या वेळी न्यायालयात उपस्थित होता.

यावर टीका झालीच. ज्याने मार खाणाऱ्या मुलीसाठी आकांत केला, त्याला खिडकीतून फेकलेल्या मुलीचा विसर पडला काय, असा आक्षेप एका पत्रकाराने घेतला. आक्षेप क्षुल्लक नव्हता. वर्षाखेरीस डोस्टोव्हस्कीने त्याला सविस्तर उत्तर दिले. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, मुलीचे दुःख त्याने विसरले नव्हते. पण शंका असेल तर चूक दयेच्या बाजूने व्हावी, आणि ती शंका त्या व्यक्तीला प्रत्यक्ष पाहून, तिच्या घराची चौकशी करून उत्पन्न झालेली असावी. छळवादी नवरा आणि ही स्त्री यांच्यात त्याने केलेला भेद असा अभ्यासातून आलेला होता. एकाने दीर्घकाळ, समजून-उमजून क्रौर्य केले होते. दुसरीच्या हातून एका क्षणी भयंकर कृत्य घडले होते. सरसकट कठोरपणा आणि सरसकट दया या दोहोंत त्याला सारखाच आळस दिसत होता.

त्याची ही दृष्टी सर्वत्र सारखी निर्मळ राहिली असे म्हणता येत नाही. त्याच रोजनिशीत ज्यू समाजाविषयी त्याने लिहिलेला पूर्वग्रहदूषित मजकूर आणि युद्धज्वराने भारलेले राष्ट्रवादी लेख वाचताना खेद होतो. एका कैदी स्त्रीचे मन जाणण्यासाठी तुरुंगाचे दार ठोठावणारा लेखक एका संपूर्ण समाजाला मात्र ढोबळ शिक्का मारून मोकळा होतो. ज्या सरसकटपणाचा त्याला तिटकारा होता, त्याचाच तो येथे बळी झाला. माणूस प्रत्यक्ष समोर असला म्हणजेच त्याचा न्याय जागा होत असे, असाच याचा अर्थ.

१८७८ मध्ये त्याचा तीन वर्षांचाही न झालेला मुलगा अपस्माराच्या झटक्याने दगावला. बापाचाच रोग मुलाला भोवला होता. ते दुःख उरात बाळगून त्याने ‘कारामाझोव्ह बंधू’ पूर्ण केली. त्या कादंबरीतही ज्यूरी पुराव्याच्या साखळीवर विसंबून निरपराध्याला दोषी ठरवते, आणि खुनाला वैचारिक आधार पुरवणारा भाऊ न्यायालयातच वेडाच्या भरात कोसळतो. जानेवारी १८८१ अखेर डोस्टोव्हस्कीचा मृत्यू झाला. हजारोंच्या जमावाने त्याला निरोप दिला. महिनाभरातच त्याच शहराच्या रस्त्यावर झार दुसरा अलेक्झांडर बॉम्बने मारला गेला.

ज्या घरात त्याने शेवटचा श्वास घेतला तेथे १९७१ पासून संग्रहालय आहे, आणि रास्कोलनिकोव्हच्या खोलीचा माग काढीत वाचक आजही त्या गल्ल्यांतून हिंडतात. कादंबरीकाराला याहून मोठी कीर्ती ती कोणती? तरीही त्याच्या चरित्रातील कॉर्निलोव्हाचे छोटे प्रकरण या कीर्तीच्या पलीकडचे आहे. वृत्तपत्रातील चार ओळींच्या बातमीपाशी तो थबकला, तिच्यामागील माणसाला भेटावयास गेला आणि मगच त्याने मत दिले. सकाळच्या चहाबरोबर गुन्ह्याची बातमी वाचून दुपारच्या आत कोणाला फाशी तर कोणाला माफी देऊन टाकणाऱ्या शहरी वाचकाने त्याच्यापासून एवढे थबकणे जरी घेतले, तरी पुष्कळ झाले.