चिमणी पाडणारा पोरगा आणि आपला रानपिंगळा

मंडळी, काठीची राजवाडी होळी तुम्ही पाहिली असेल. अक्कलकुव्याहून वर चढताना वाटेत एखादा गलोल घेतलेला पोरगा भेटतोच. त्याच्यावर लगेच डोळे वटारू नका. पक्ष्यांचे जाणकार म्हणून जगभर नाव झालेले डॉ. सलीम अलीही लहानपणी असेच होते.

१२ नोव्हेंबर १८९६ ला मुंबईत त्यांचा जन्म. आईबाप लवकर गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळलं. छऱ्याच्या बंदुकीनं पोरानं एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! ही कुठली, म्हणून मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं. तिथल्या मिलार्डसाहेबांनी नाव तर सांगितलंच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. पोरगा तिथंच अडकला.

पुढं नोकरी सुटली, तेव्हा १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीचा अभ्यास केला. घरटं नर विणतो, हे तुम्हा शेतकऱ्यांना ठाऊक आहे. पण ते अर्धं झालं की मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच राहते, आणि नर पुढं दुसरीसाठी नवं घरटं काढतो, ही गंमत त्यांनी तासन्‌तास बसून टिपली. १९४१ ला भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं, १९७६ ला पद्मविभूषण.

एवढं करून एक पक्षी त्यांनाही गवसला नाही. तो आपल्या जिल्ह्यातला रानपिंगळा. १८८४ नंतर त्याचा पत्ताच नव्हता. गुजरातेतल्या मांडवीची १९१४ ची एक नोंद होती, पण ती एका इंग्रज साहेबानं चोरलेल्या नमुन्याला खोटी चिठ्ठी लावून केलेली. त्यामुळं शोध भलतीकडंच चालला. सलीम अली १९८७ साली गेले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, अमेरिकेच्या अभ्यासकांना तो दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला दिसला! नंतर तोरणमाळला आणि मेळघाटातही सापडला.

ओळखायचा कसा? रोजच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. सरडे, उंदीर खातो, झाडाच्या ढोलीत पिलं काढतो. पिंगळा बोलला की अपशकुन, असं म्हणून दगड उचलणारे आपल्यात आहेत. ढोलीचं जुनं झाड सरपणाला पाडलं तरी परिणाम तोच.

तेव्हा काठीच्या वाटेवर तो गलोलवाला भेटला, तर जरा थांबा आणि विचारा, काय रे, तू पाहिलेल्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके होते की नव्हते?